श्रीरंगरावांची पहिली बायको

श्रीरंग भुवडांना आयुष्यात गर्व वाटावा अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे कागद. पैशाचे कागद नव्हेत, तेवढं नशीब कुठलं! सरकारी कागद. त्यांची सगळी नोकरी एका सरकारी खात्यात लोकांचे अर्ज तपासण्यात आणि त्यावर "नावात तफावत, सबब परत" असा शेरा मारण्यात गेली. निवृत्त होऊन विरारला मनवेलपाड्यात स्थिरावले तरी हात स्वस्थ बसेना. सोसायटीत कुणाचं आधार कार्ड अडलं, कुणाचं वारसपत्र अडलं की श्रीरंगराव न बोलावता हजर. "अहो, त्यात काय आहे!" हे त्यांचं आवडतं वाक्य. ते त्यांनी उच्चारलं की समोरच्याचं काम हमखास महिनाभर लांबायचं, पण हे त्यांना तोंडावर सांगणार कोण?

एके दिवशी लिस्बनहून अनुष्काचा फोन आला, आणि "बाबा, माझा जन्मदाखला अपॉस्टिल करून हवाय" असं ती म्हणाली, तेव्हा श्रीरंगरावांनी छाती फुगवून काय उत्तर दिलं हे वेगळं सांगायला नको.

अनुष्का ही त्यांची एकुलती एक लेक. पोर्तुगालात नोकरीला. तिथेच नोकरी करणाऱ्या एल्रॉयशी तिचं लग्न ठरलं होतं. एल्रॉय आपल्या वसईच्या पाचूबंदरचा. वडील बेनेडिक्ट, आई कॅथरीन, घरच्या बोटी, मासळीचा पिढीजात धंदा, माणसं लाखमोलाची. लग्न ठरायला काहीच त्रास झाला नाही. त्रास झाला तो ते कुठे लावायचं यावरून. बेनेडिक्ट म्हणाले, चर्चमध्ये. श्रीरंगराव म्हणाले, अक्षता टाकून. दोघंही इतक्या गोड शब्दांत म्हणाले की दोन महिने एकमेकांशी बोलले नाहीत. शेवटी पोरांनीच तोडगा काढला. ना चर्च, ना मंगल कार्यालय, लिस्बनच्या विवाह नोंदणी कचेरीत जाऊन सही. तिथली तारीख मिळाली आणि दोन्ही व्याह्यांनी पडेल चेहऱ्याने मान डोलावली.

म्हणजे ती तारीख साधी तारीख नव्हती, तह होता. अनुष्काने बजावून सांगितलं होतं, "बाबा, ही तारीख हुकली तर तुम्ही दोघं पुन्हा सुरू होणार. मग मी लग्नच करणार नाही. बसा दोघं अक्षता आणि मेणबत्त्या घेऊन."

कचेरीला हवा होता एकच कागद. अनुष्काचा जन्मदाखला, त्यावर आधी मंत्रालयातला शिक्का आणि मग परराष्ट्र खात्याचं अपॉस्टिल. अपॉस्टिल म्हणजे काय, तर 'आमचा हा कागद खरा आहे बरं का' असं एका देशाने दुसऱ्या देशाला सांगणं. ज्या पोर्तुगीजांना आपण वसईच्या किल्ल्यातून घालवलं, त्यांनाच आता आपली मुलगी रीतसर जन्माला आली होती हे पटवून द्यायचं! श्रीरंगरावांना हा विचार जरा टोचला. पण एल्रॉयचा दाखला बेनेडिक्टनी केव्हाच पाठवलाय हे कळल्यावर त्याहून जास्त टोचलं.

त्यांनी कपाटातून फाईल काढली. ही फाईल म्हणजे श्रीरंगरावांचं देवघर. हिच्यातला प्रत्येक कागद लॅमिनेट केलेला. शाळेचे दाखले, शिधापत्रिका, इतकंच काय, स्वतःची लग्नपत्रिकासुद्धा. पहिल्या फ्लॅटचं पहिलं विजेचं बिल त्यांनी लॅमिनेट केलं तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता. कागद वाचायचा नसतो, जपायचा असतो, हे त्यांचं तत्त्व. आणि त्या तत्त्वाला ते इतके जागले की अनुष्काचा जन्मदाखला त्यांनी जपला होता, वाचला मात्र कधीच नव्हता. पासपोर्टच्या वेळी शाळेच्या दाखल्यावर भागलं होतं.

एजंटने दाखला बघितला आणि परत दिला. "काका, लॅमिनेशन केलेल्यावर शिक्का बसत नाही. मूळ कागद पाहिजे."

"हा मूळच आहे. आत आहे," श्रीरंगराव म्हणाले.

"मग बाहेर काढा."

आता कागद बाहेर काढायचा कसा, यावर सोसायटीत दोन दिवस खल झाला. कुणी म्हणालं गरम पाण्यात टाका, कुणी म्हणालं फ्रीजरमध्ये ठेवा. सेक्रेटरी हार्दिकने फोनवर एक व्हिडिओ दाखवला, त्यात कुणीतरी इस्त्री फिरवून प्लॅस्टिक केळीच्या सालीसारखं अलगद सोडवत होतं. श्रीरंगरावांनी इस्त्री तापवली. आशालताबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, झेरॉक्सवर करून बघा ना आधी."

"अगं, त्यात काय आहे!" असं म्हणून श्रीरंगरावांनी ओढलं. प्लॅस्टिक निघालं. पण त्याच्याबरोबर राजमुद्रा, दिनांक आणि अनुष्काचं अर्धं नावही निघालं. हातात राहिलेल्या कागदानुसार त्यांना 'ष्का' नावाची मुलगी होती.

हरकत नाही. नवीन प्रत काढायची. अनुष्काचा जन्म कामणचा, आईच्या माहेरचा. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. तेव्हा जन्मनोंदीच्या तिकडच्या कार्यालयात श्रीरंगराव रांगेत उभे राहिले. मागे हार्दिक होताच, भाच्याच्या दाखल्यासाठी आलेला. खिडकीत रेजिना मॅडम बसल्या होत्या. स्वभावाने चांगल्या, पण आवाज असा की मासळी बाजारात लिलाव पुकारावा. चूक होऊ नये म्हणून त्या प्रत्येक नोंद मोठ्याने वाचून दाखवायच्या.

"मुलीचं नाव अनुष्का. वडील श्रीरंग भुवड. आई कुसुम श्रीरंग भुवड. बरोबर?"

"नाही. आशालता."

"इथे कुसुम आहे."

"माझ्या बायकोचं नाव आशालता आहे."

"मग ही कुसुम कोण?"

रांगेतली डोकी पुढे झाली. आणि खरं सांगायचं तर, ही कुसुम कोण हे क्षणभर श्रीरंगरावांनाही आठवेना. मग कुठूनतरी मांडव आठवला, ताटात पसरलेले तांदूळ आठवले, आणि त्या तांदळांत अंगठीने नाव लिहिणारा एक बारीक मिशीचा नवरदेव आठवला.

"तीपण माझीच बायको," ते म्हणाले.

"आणि आशालता?"

"तीपण."

मागून कुणीतरी खोकलं. "काका," मॅडम समजुतीने म्हणाल्या, "पासपोर्टवर एक आई आणि इथे दुसरी. नावात तफावत आहे. बाहेरच्या देशात असं चालणार नाही." जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जांवर मारलेला शेरा असा अस्खलित मराठी बोलत समोर आला, आणि श्रीरंगरावांना पहिल्यांदाच कळलं की तो ऐकायला किती वाईट लागतो.

घरी येऊन त्यांनी तणतणत कामणला मेव्हण्याला फोन लावला. बळीराम शेतकरी माणूस, भाताच्या राशीसारखा शांत. अनुष्काच्या जन्माची नोंद त्यानेच केली होती.

"मंग काय सांगायचा होता, दाजी?" बळीराम म्हणाला. "नर्सबाय बोलली, आईचा नाव सांग. मी सांगितला कुसुम. आमच्या घरात कोन आशालता हाय? तुमी नाव बदलला तो तुमच्या घरी. आमच्याकडं कुनी बदलला?"

 नाव बदललं होतं ते एका आत्यापायी. श्रीरंगरावांच्या सख्ख्या आत्याचं नाव कुसुम. गुहागरला राहायच्या आणि अजूनही राहतात. नव्वदीला आल्या तरी शब्द खाली पडू देत नाहीत. लग्न ठरलं तेव्हा श्रीरंगरावांच्या आई घाबऱ्याघुबऱ्या म्हणाल्या होत्या, "अरे, उद्या तू बायकोला हाक मारायचास, 'कुसुम, चहा आण', आणि ओटीवर वन्सं बसलेल्या असल्या तर? घर सोडून जावं लागेल आपल्याला!" झालं. भटजींनी दोनचार नावं सुचवली, श्रीरंगरावांनी त्यातलं एक तांदळांत गिरवलं, कुसुमची आशालता झाली. गंमत म्हणजे ज्या नावासाठी एवढा खटाटोप केला, ते त्यांनी कधी हाक मारायला वापरलंच नाही. लग्नाला तीस वर्षं झाली, रोज फक्त 'अगं' आणि 'ऐकलंस का'.

इकडे हार्दिकने आपलं काम चोख केलं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये त्याने श्रीरंगरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, मी कुणाला काही बोललो नाही. पण सगळी सोसायटी तुमच्या पाठीशी आहे."

"अरे, कुसुम आणि आशालता एकच आहेत!"

"तुमच्या मनात दोघींना सारखाच मान आहे, हेच मी सगळ्यांना सांगितलं," हार्दिक भरल्या गळ्याने म्हणाला.

श्रीरंगराव जितकं समजावायला जात तितकं प्रकरण चिघळत गेलं. तळमजल्यावरचे एक गृहस्थ तर त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "एवढी डोकेफोड कशाला? पहिलीचा मृत्यूचा दाखला काढा आणि जोडा सोबत. विषय संपला." ज्या बाईच्या हातचं सकाळी थालीपीठ खाल्लं तिचा मृत्यूचा दाखला काढायचा सल्ला ऐकून श्रीरंगरावांनी फक्त हात जोडले.

बातमी मनवेलपाड्यातून निघाली ती पाचूबंदरला पोचेपर्यंत कुसुम वारली होती.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात बेनेडिक्ट आणि कॅथरीन. बेनेडिक्टनी काळी पँट, पांढरा शर्ट घातलेला, कॅथरीनच्या हातात पापलेटांची पिशवी, आणि दोघांचे चेहरे उतरलेले.   हे लग्न मोडायला आले की काय, असं श्रीरंगरावांना वाटलं.

बेनेडिक्ट सोफ्याच्या काठावर बसले.  "भुवडसाहेब, आपलं चर्चवरून थोडं वाजलं ते वाजलं. पण हे तुम्ही आम्हाला सांगायला पायजे होतं. आम्हाला काय फरक पडत नाय. पोरगी सोन्यासारखी आहे. तिची आई कोण का असेना."

"बिचारी," कॅथरीन डोळ्याला रुमाल लावत म्हणाल्या. "बाळंतपणातच गेली ना? आम्ही आमच्या पॅरिश चर्चमध्ये तिच्या आत्म्यासाठी मिस्सा सांगितलाय. आजच संध्याकाळी आहे."

 तेवढ्यात आतून आशालताबाई पाण्याचे ग्लास घेऊन बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता ही बाई हसणार, सगळं सांगून टाकणार, असं श्रीरंगरावांना वाटलं. पण त्यांनी ग्लास ठेवले, पदर सावरला आणि समोरच्या खुर्चीवर नीट बसल्या.

"कुसुम ना?" त्या म्हणाल्या. "फार छान होती हो. कामणच्या खाडीत पोरांच्या पुढे पोहत जायची. लावणीला उभी राहिली की भाऊ मागे पडायचा तिच्या. गळा गोड होता. गावात कुणाचं लग्न असलं की हळदीची गाणी म्हणायला आधी तिला बोलवायचे. चिंचेवर चढून बसायची आणि आई खालून हाका मारायची, कुसुम, कुसुम. मुद्दाम ओ द्यायची नाही. ती हाक ऐकत बसायला तिला आवडायचं."

 पाण्याला कुणी हात लावला नाही.

"मग?" कॅथरीनने हळूच विचारलं. "कशाने गेली?"

"आत्याने," आशालताबाई म्हणाल्या.

"काय?"

"लग्नाला बसली. ताटात तांदूळ पसरले होते. ह्यांनी त्यात अंगठीने काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते तिला दिसतही नव्हतं, मुंडावळ्या मध्ये येत होत्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर तिला कुणी बघितलं नाही." मग त्या एकदम खळखळून हसल्या. "कॅथरीनताई, मीच हो ती! रडू नका, पापलेट द्या इकडे."

पुढची पाच मिनिटं नुसता गोंधळ. बेनेडिक्ट इतके हसले की त्यांना ठसका लागला. कॅथरीन आधी रागावल्या, मग हसल्या, मग आशालताबाईंना मिठी मारून खरोखरच रडल्या. "पण मिस्सा?" त्या म्हणाल्या. "फादरना आता काय सांगू?"

"असू दे," आशालताबाई म्हणाल्या. "होऊ दे. कुणीतरी आठवण काढली तिची."

सगळे हसले. श्रीरंगरावही हसले, पण अर्ध्यावरच थांबले. तीस वर्षं आपण एका बाईबरोबर संसार केला आणि तिला पोहता येतं हे आपल्याला माहीत नाही! त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने पापलेट साफ केलं. ते इतकं वाईट साफ झालं की बेनेडिक्टनी नंतर सगळं पुन्हा केलं, पण तो भाग वेगळा.

दोन दिवसांनी वरात पुन्हा कार्यालयात. श्रीरंगराव, आशालताबाई, साक्षीदार म्हणून बळीराम, नोटरीचं प्रतिज्ञापत्र, आणि ती लॅमिनेट केलेली लग्नपत्रिका. हळदीच्या बोटांसकट जशीच्या तशी. 'श्रीरंग' आणि 'चि. सौ. कां. कुसुम', अक्षर न् अक्षर शाबूत. "बघितलंस?" श्रीरंगराव विजयाने पत्नीकडे बघत म्हणाले. "लॅमिनेशनला हसत होतीस!"

रेजिना मॅडमनी सगळं तपासलं. "काका, पुरावा पक्का आहे. दोन रस्ते आहेत. सोपा म्हणजे कुसुम काढून आशालता घालते, पासपोर्टशी जुळतंय, आजच होईल. दुसरा, दोन्ही नावं ठेवायची, मध्ये 'ऊर्फ'. पण त्याला साहेबांची सही लागते, आणि साहेब दौऱ्यावर आहेत. कधी येतील, सांगता येत नाही."

प्रश्नच नव्हता. तारीख तोंडावर आलेली. शिवाय श्रीरंगराव जन्मभर एकाच मताचे: माणूस एक, नाव एक. 'ऊर्फ' दिसलं की त्यांच्या कपाळावर आठी चढायची. ते तोंड उघडणार, एवढ्यात त्यांचं लक्ष पत्नीकडे गेलं. आशालताबाई पिशवीतून तो इस्त्रीने भाजलेला जुना दाखला काढून बघत होत्या. 'आईचे नाव: कुसुम' ही ओळ मात्र त्यावर शाबूत होती. त्यांचा शाळेचा दाखला कामणला पुराच्या पाण्यात गेला होता. आधार, पॅन, बँक, सगळीकडे आशालता. सरकारदरबारी कुसुम उरली होती ती या एका ओळीपुरती.

"अगं," श्रीरंगरावांनी विचारलं, "काय करायचं?"

आशालताबाईंनी चमकून वर बघितलं. नावाच्या बाबतीत त्यांना कुणी पहिल्यांदाच काही विचारत होतं. "पोरीची तारीख आहे," त्या म्हणाल्या. "काढा कुसुम. एवढी वर्षं नाहीच आहे ती, आता काय बिघडतंय." आणि त्यांनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, जपून.

श्रीरंगराव खिडकीकडे वळले. "मॅडम, ऊर्फ लिहा."

"अहो!" आशालताबाई ओरडल्या.

"दाजी, तारीख गेली तं?" बळीराम म्हणाला.

"कुसुम ऊर्फ आशालता," श्रीरंगराव म्हणाले. "कुसुम आधी. आणि साहेब येईपर्यंत मी इथे बसतो."

आणि बसले. रोज डबा घेऊन मनवेलपाड्याहून यायचे आणि संध्याकाळपर्यंत बाकावर बसायचे. अनुष्का फोनवर चिडली, रडली, मग काय झालंय ते आईकडून कळल्यावर म्हणाली, "बाबांना सांग, बसू दे." बेनेडिक्ट दोनदा सोबतीला येऊन बसले. तिथे बाकावरच, दोघांच्या डब्यांच्या मध्ये, डिसेंबरात पोरं आली की जेवणावळ कुठे घालायची यावर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, त्यामुळे वेळ बरा गेला. हार्दिक एकदा येऊन फोटो काढून गेला आणि सोसायटीच्या ग्रुपवर 'पहिल्या पत्नीच्या आठवणीत' असं लिहून टाकला. श्रीरंगरावांनी खुलासा करायचं सोडून दिलं होतं.

साहेब आले. सही झाली. मंत्रालय झालं, अपॉस्टिल झालं, आणि कुरिअर लिस्बनला पोचलं ते लग्नाच्या आदल्या दिवशी. तिथल्या कचेरीतल्या बाईंनी 'ऊर्फ'वर बोट ठेवलं, अनुष्काने त्यांना तांदळाची सगळी कथा सांगितली, आणि त्या बाईंनी म्हणे मान हलवून शिक्का मारला.

लग्नाच्या दिवशी दुपारी श्रीरंगरावांच्या हॉलमध्ये टीव्हीला फोन जोडला. बेनेडिक्ट, कॅथरीन, कामणहून बळीराम, दारात खुर्ची टाकून हार्दिक. पडद्यावर मोठ्या चौकोनात अनुष्का आणि एल्रॉय, आणि कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात गुहागरहून कुसुमआत्या, नातवाने फोन धरलेला, चष्मा नाकावर, कान शाबूत. तिथल्या बाई सगळ्यांची नावं वाचू लागल्या. एल्रॉयच्या आईवडिलांची वाचली. मग अनुष्काच्या वडिलांचं. मग जरा अडखळून, जीभ सावरून, मोठ्याने: "कुसुम."

आशालताबाई ताठ झाल्या. त्यांचे डोळे भरून आले. बळीरामने नाक पुसलं.

"काय गो, माझं नाव कशाला घेतलंन तिने?" आत्या कडाडल्या.

सही झाली. टाळ्या झाल्या. कॅथरीनने केक कापला. श्रीरंगरावांना काहीतरी बोलावंसं वाटत होतं, मोठं, आयुष्यभर पुरेल असं. पण असं बोलायची सवय नव्हती. त्यांनी घसा खाकरला, पत्नीकडे बघितलं, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच तिला नावाने हाक मारली. ती जरा जास्तच मोठ्याने मारली गेली.

"कुसुम, जरा चहा टाकतेस का?"

 पडद्यावरच्या कोपऱ्यात आत्यांचा चष्मा हळूहळू वर आला.

"कोण रे तो मेला," आत्या म्हणाल्या, "माझ्याकडे चहा मागतोय?"

 श्रीरंगरावांच्या आईने तीस वर्षांपूर्वी सांगितलेलं अक्षरशः समोर उभं होतं. ते सोफ्यामागे सरकणार, तेवढ्यात पदर खोचत त्यांची बायको टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही बसा हो, आत्याबाई," ती म्हणाली. "मला हाक मारली त्यांनी."